गोळी शरीरात जाऊन करते तरी काय? सिकलसेलचे औषध मधेच सोडण्याआधी हे समजून घ्या

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या वस्त्यांमध्ये सिकलसेलग्रस्त कुटुंबांसोबत काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. रुग्णालयातून हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल मिळतात. पहिले काही आठवडे त्या नियमित घेतल्या जातात आणि मग पाकीट फळीवर तसेच पडून राहते. कारण विचारले तर साधारण दोन उत्तरे मिळतात. पहिले, "महिना झाला, दुखणं तं थांबलंच नाही." दुसरे, "मोबाइलवर पायलं, हे तं कॅन्सरची गोळी हाय म्हन्ते. मंग माह्या पोराले काय्ले देता?"

दोन्ही प्रश्न बिनतोड आहेत. त्यांना उत्तर न देता "डॉक्टरांनी सांगितलं ना, घ्या" एवढेच म्हणणे हा रुग्णाचा अपमान आहे. तथागतांनीसुद्धा कालामांना कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, असेच सांगितले होते. म्हणून या लेखात आम्ही औषध शरीरात नेमके कुठे जाते, कशाला चिकटते आणि त्याने काय बदलते, हे सोप्या भाषेत मांडत आहोत. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे, हे यातून नक्की कळेल.

आजार कशाचा आहे?

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. फुप्फुसातून ऑक्सिजन उचलायचा आणि अंगभर पोहोचवायचा, हे त्याचे काम. हे प्रथिन अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनते. त्यातल्या 'बीटा' साखळीत १४६ कड्या असतात. सिकलसेलमध्ये त्यातली फक्त सहावी कडी बदललेली असते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, बाकी सगळे तसेच.

पण या एका कडीने मोठा फरक पडतो. ऑक्सिजन सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे लांब, ताठ धागे तयार होतात. गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. ती बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढे रक्त जात नाही आणि तिथे असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रुग्णाच्या अंगात रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

या पेशी पहिल्यांदा १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी नोंदवल्या. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष सापडला आणि त्याच दशकात नागपूर परिसरातही त्याची नोंद झाली. आज विदर्भात आदिवासी, बौद्ध आणि इतर मागास समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो.

आपल्याच समाजात का?

यामागे ना करणी आहे, ना मागच्या जन्मीचे पाप. ज्या भागांत पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या, म्हणजे वाहक असलेल्या व्यक्ती गंभीर मलेरियातून जास्त वाचल्या. त्यामुळे हे जनुक त्या भागांत टिकले आणि वाढले. पुढे ते ठरावीक समाजांत साठून राहिले, कारण जातीने लग्नाची कुंपणे घातली होती. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात जातीचे मूळ लक्षण म्हणून नेमके हेच सांगितले होते: जातीतल्या जातीत लग्न. आज शंभरावर वर्षांनी त्याचा एक परिणाम आपण रक्ताच्या अहवालात वाचत आहोत.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. इथे 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन चांगलीच होतील, असा हिशेब नसतो.

औषधाला दुखणारी जागा ठाऊक नसते

आता मुख्य मुद्दा. गुडघा दुखतो म्हणून गोळी घेतली, तर ती गुडघ्याकडे जाते असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे फिरते. ज्या रेणूवर ती नीट बसते तिथेच तिचे काम होते. अशा रेणूला औषधाचे लक्ष्य म्हणतात.

लक्ष्ये मुख्यतः काही प्रकारची असतात. पहिला प्रकार रिसेप्टरचा. पेशीच्या पृष्ठभागावर किंवा आत बसलेली ही प्रथिने शरीराचे निरोप घेतात. ती कुलपासारखी आणि शरीरातली रसायने किल्लीसारखी, अशी कल्पना करा. काही औषधे खऱ्या किल्लीसारखी बसतात आणि कुलूप उघडतात. काही नुसती भोकात अडकून बसतात, मग खरी किल्लीही लागत नाही. दुसरा प्रकार एन्झाइमचा. ही शरीरातली कामगार प्रथिने. एका पदार्थाचे दुसऱ्यात रूपांतर करणे हे त्यांचे काम, आणि बरीच औषधे ते काम मंदावतात किंवा थांबवतात. तिसरा प्रकार पेशीच्या भिंतीतल्या दारांचा आणि वाहकांचा, ज्यांतून क्षार आणि इतर पदार्थ आत-बाहेर जातात. याशिवाय काही औषधे थेट जंतूच्या अवयवांवर, काही आपल्याच रक्तातल्या प्रथिनांवर बसतात.

रिसेप्टरची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडचे जॉन लँगली आणि जर्मनीचे पॉल एर्लिख यांच्या कामातून पुढे आली. त्यावेळी कोणी रिसेप्टर डोळ्यांनी पाहिला नव्हता. परिणाम पाहून कारणाचा अंदाज बांधला होता. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, ही कार्यकारणभावाची रीत आपल्याला धम्मातून परिचित आहेच.

यातून दुष्परिणामांचेही कोडे सुटते. तेच कुलूप शरीरात चार ठिकाणी असेल, तर किल्ली चारही ठिकाणी फिरते. एका ठिकाणी आपल्याला फायदा दिसतो, बाकी तीन ठिकाणी त्रास.

कळा थांबवणारी औषधे

सिकलसेलच्या कळांसाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिले जाते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक 'सीओएक्स' या एन्झाइमला अडवतात. हे एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन तयार करते आणि प्रोस्टाग्लँडिन सूज आणि वेदना वाढवते. हे कोडे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडले, १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण हेच प्रोस्टाग्लँडिन पोटाच्या अस्तराचे रक्षण करते आणि मूत्रपिंडातला रक्तप्रवाह सांभाळते. म्हणून या गोळ्यांनी पोटात जळजळ होते. सिकलसेलच्या रुग्णाची मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात. त्यामुळे मेडिकलमधून पाकीट आणून महिनोन्महिने खाणे धोक्याचे आहे. गावातल्या दुकानातून डायक्लोफेनॅक घ्यायची सवय आम्हाला जागोजागी दिसते, म्हणून हे ठासून सांगतो.

कळा तीव्र असतील तर ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन लागते. ही औषधे ओपिऑइड रिसेप्टरवर बसतात. हे रिसेप्टर आपल्या मेंदूत असल्याचे १९७३ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. मग प्रश्न पडला की अफूसाठी माणसाच्या मेंदूत कुलूप कशाला? थोड्याच वर्षांत उत्तर मिळाले. शरीर स्वतःच एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक रसायने बनवते, कुलूप त्यांच्यासाठी आहे. मॉर्फिनची किल्ली त्यात बसते एवढेच. हेच रिसेप्टर आतड्यातही असतात, म्हणून बद्धकोष्ठता होते. श्वास चालवणाऱ्या केंद्रातही असतात, म्हणून जास्त डोस झाला तर श्वास मंदावतो. अशा वेळी नॅलोक्सोन देतात. ते त्याच कुलपात शिरून मॉर्फिनला बाहेर ढकलते, पण स्वतः कुलूप उघडत नाही. ट्रामाडॉल थोडे वेगळे आहे. ते ओपिऑइड रिसेप्टरवर तर बसतेच, शिवाय सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन यांना परत शोषणाऱ्या वाहकांनाही अडवते. एका गोळीची दोन लक्ष्ये.

काही दिवस सलग घेतले की रिसेप्टर पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. तोच आराम मिळायला जास्त औषध लागते. हा शरीराचा नियम आहे, त्याचा माणसाच्या चारित्र्याशी संबंध नाही. तरी वारंवार इंजेक्शन मागणाऱ्या सिकलसेलच्या तरुणाला "याला नशेची सवय लागली" असे ऐकवले जाते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. वेदना क्ष-किरणात दिसत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली, तीच मुळी रुग्णांना मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे म्हणून.

कॅन्सरची गोळी सिकलसेलला का?

आता हायड्रॉक्सीयुरिया. हे औषध रायबोन्युक्लिओटाइड रिडक्टेज नावाच्या एन्झाइमला अडवते. पेशीला दोन व्हायचे असेल तर आधी डीएनएची नक्कल काढावी लागते. त्यासाठी लागणाऱ्या विटा हे एन्झाइम बनवते. विटा कमी पडल्या की बांधकाम मंदावते. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये पेशी बेसुमार वाढतात, म्हणून तिथे हे औषध वापरतात. लक्ष्य तेच, पण सिकलसेलमध्ये डोस बेतशीर ठेवतात आणि हेतू वेगळा असतो.

बाळ आईच्या पोटात असते तेव्हा त्याच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते. त्याला गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, थोडक्यात एचबीएफ म्हणतात. त्यात दोषी बीटा साखळी नसतेच. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणे जवळजवळ बंद करते आणि बीटा साखळीचे हिमोग्लोबिन सुरू होते. म्हणूनच सिकलसेलचे बाळ पहिले पाच-सहा महिने अगदी ठणठणीत दिसते आणि त्यानंतर त्रास सुरू होतो. "जलमले तवा तं चांगलं होतं, मंग कोनाची नजर लागली," या वाक्याचे उत्तर इथे आहे.

हायड्रॉक्सीयुरियाने अस्थिमज्जेवर जो ताण येतो, त्यातून एचबीएफ बनवणाऱ्या पेशी पुन्हा वाढतात. एचबीएफ धाग्यांमध्ये सामील होत नाही, उलट धागे जुळायच्या आड येते. पेशी वाकडी होण्याचे प्रमाण घटते. पांढऱ्या पेशी थोड्या कमी होतात, त्यामुळे रक्तवाहिनीत चिकटाचिकटीही कमी होते.

म्हणजे ही वेदनाशामक गोळी नाहीच. तिने आज दुखणारा पाय आज थांबणार नाही. ती नव्याने तयार होणाऱ्या रक्ताची जात बदलते, आणि त्याला वेळ लागतो. फरक दिसायला साधारण तीन ते सहा महिने द्यावे लागतात. महिन्यात पाकीट फळीवर टाकणे म्हणजे पेरणी करून आठ दिवसांत कापूस वेचायला जाणे.

फायदा खरा आहे का? अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर अभ्यास झाला. १९९५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वर्षाकाठी येणाऱ्या कळांचे प्रमाण साडेचारवरून अडीचवर आले होते. १९९८ मध्ये तिथे या आजारासाठी औषधाला मान्यता मिळाली. आपल्याकडे नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी विदर्भातल्या मुलांवर कमी आणि ठरावीक डोसचा अभ्यास केला, तेव्हा तोही उपयोगी ठरला. म्हणजे पुरावा केवळ परदेशातला नाही, आपल्याच मातीतला आहे.

जोखीमही सांगितली पाहिजे. मज्जेचे काम गरजेपेक्षा जास्त मंदावले तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. म्हणून ठरावीक अंतराने रक्त तपासणे हा औषधाचाच भाग आहे. कॅप्सूल उघडून किंवा कुटून देऊ नये, लहान मुलाला कशी द्यायची ते डॉक्टरांना विचारावे. मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील, तर ताबडतोब डॉक्टरांना सांगावे. हे पुरुषांनाही लागू आहे.

पेनिसिलिन, फॉलिक अॅसिड आणि लोहाची गोळी

सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे न्यूमोनियासारखे संसर्ग जिवावर बेततात. म्हणून लहान मुलांना रोज पेनिसिलिन आणि वेळेवर लसी देतात. पेनिसिलिनचे लक्ष्य जंतूची बाहेरची भिंत बांधणारे एन्झाइम आहे. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते. जंतू मरतो, आपली पेशी शाबूत राहते. ज्यांना पेनिसिलिनची अॅलर्जी आहे त्यांनी मात्र ती आधीच सांगायला हवी.

फॉलिक अॅसिड कशालाही अडवत नाही. ते नवे रक्त बनवायचा कच्चा माल आहे. ते घेतो म्हणून हायड्रॉक्सीयुरिया नको, असे होत नाही. आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाची गोळी स्वतःच सुरू करू नका. इथे रक्त कमी होते ते पेशी फुटल्याने. फुटलेल्या पेशीतले लोह शरीरातच राहते, वारंवार रक्त चढवले असेल तर ते साठतही जाते. लोह कमी आहे का, हे तपासूनच ठरते.

नवी औषधे आणि एक धडा

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हॉक्सेलोटर नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. ते थेट हिमोग्लोबिनवरच बसायचे आणि त्याला ऑक्सिजन धरून ठेवायला लावायचे. लक्ष्य अचूक होते, अहवालात हिमोग्लोबिनही वाढायचे. पण पुढच्या अभ्यासांत कळा आणि मृत्यू यांबाबत चिंता निर्माण झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. औषध कुलपात बसले एवढ्याने काम झाले असे नसते. माणूस बरा राहतो का, हे शेवटी पाहावे लागते.

२०२३ च्या अखेरीस जनुक संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात एचबीएफ बंद करणाऱ्या 'बीसीएल११ए' या जनुकाचे रक्तपेशींतले बटण निकामी करतात. म्हणजे उद्देश तोच, बाळपणीचे हिमोग्लोबिन परत आणणे. त्याची अमेरिकेतली किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात मिळणारी कॅप्सूल त्याच दिशेने काम करते, हे लक्षात ठेवावे.

आणि जो कोणी "तीन महिन्यांत सिकलसेल मुळापासून घालवतो" म्हणून पुडी विकतो, त्याला तीन प्रश्न विचारा: हे शरीरात कशावर काम करते? किती रुग्णांवर तपासले? रक्ताच्या तपासणीत फरक कुठे दिसतो?

आपण काय करायचे?

वऱ्हाडाचा उन्हाळा सिकलसेलचा वैरी आहे. पारा ४५ अंशांपलीकडे गेला की अंगातले पाणी आटते आणि पेशी लवकर वाकड्या होतात. भरपूर पाणी, दुपारच्या उन्हात काम टाळणे, मेळघाटात हिवाळ्याच्या थंडीपासून जपणे, हे औषधाइतकेच मोलाचे आहे. पण शेतमजुराला आणि वीटभट्टीवरच्या कुटुंबाला दुपारी सावली कोण देणार, हा प्रश्न आरोग्याचा तसाच मजुरीचाही आहे. कामासाठी बाहेरगावी जाताना पुरेशा गोळ्या आणि आपले सिकलसेल कार्ड सोबत ठेवा.

ताप १०१ अंशांवर गेला, छातीत दुखले, धाप लागली, एका बाजूची शक्ती गेली किंवा मूल अचानक पांढरे पडून पोट फुगले, तर घरी थांबू नका. अकोल्याचे सर्वोपचार किंवा अमरावतीचे इर्विन, जे जवळ असेल ते गाठा.

सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, त्याचे प्रमाणपत्र मागा. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. तपासणी चांगलीच, पण तपासून कार्ड हातात दिले आणि औषधाचा साठा संपला, तर उपयोग काय? प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत हायड्रॉक्सीयुरिया अखंड मिळावे आणि रक्ततपासणी तालुक्यातच व्हावी, ही मागणी ग्रामसभेत ठरावासह मांडली पाहिजे. नागपूरचे संपत रामटेके यांनी या आजाराच्या रुग्णांना संघटित केले आणि २०१८ मध्ये त्यांच्या कामाला पद्मश्री मिळाली. समाज पेटून उठला तर काय होते, याचे ते उदाहरण आहे.

शेवटची विनंती बुद्धविहारांच्या समित्यांना आणि वधू-वर परिचय मेळावे घेणाऱ्या मंडळांना. बायोडाटात उंची, शिक्षण, नोकरी लिहितो, तशी सिकलसेल तपासणीची एक ओळ वाढवा. मेळाव्यातच तपासणीचा टेबल ठेवा. वाहक असणे हा आजार नाही, लग्नाला अडथळा नाही, आणि त्यावरून कोणत्याही मुलीला नाकारणे म्हणजे नवी अस्पृश्यता सुरू करणे. अहवाल गुप्त ठेवा, तो फक्त त्या दोघांना द्या. दोघेही वाहक निघाले तर निर्णय त्यांनी डॉक्टरांशी बोलून, पूर्ण माहितीनिशी घ्यावा. आणि जातीची कुंपणे ओलांडून होणाऱ्या लग्नांच्या पाठीशी समाजाने उभे राहावे. बाबासाहेबांनी तो मार्ग समतेसाठी दाखवला होता. आपल्या लेकरांच्या रक्तासाठीही तोच हिताचा आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.